सेंतपेतेरफाची जमीन सीमेने नाही, वाटपाने तुटली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ऑस्ट्रिया-हंगेरी सीमेवरच्या खेड्यांवर आलेला लेख वाचला. मराठी वृत्तपत्रात पिंका नदीच्या खोऱ्याला पानभर जागा मिळावी, हेच मुळात अप्रूप. त्यामुळे लेखकाचं कौतुक आधी. पण सेंतपेतेरफा या गावाबद्दलची तीन विधानं दुरुस्त व्हायला हवीत. पहिलं, इथले लोक हजार वर्षांपासून याच मातीत आहेत. दुसरं, १९२१ च्या सार्वमतात गावाने हंगेरीला कौल दिला. तिसरं, नव्या सीमेने शेतांच्या चिंध्या केल्या. पहिली दोन चुकीची आहेत. तिसरं तर उलटंच आहे: चिंध्या आधीच झालेल्या होत्या, सीमा त्यांच्यावरून नंतर गेली.

गाव कुठे आहे ते आधी सांगतो, कारण लेखातल्या नकाशाने घोळ घातला आहे. सेंतपेतेरफा हंगेरीच्या वाश परगण्यात आहे, सोम्बातहेय या परगण्याच्या शहरापासून सरळ रेषेत अठरा-एकोणीस किलोमीटर नैऋत्येला. वस्ती हजाराच्या आसपास, घरात क्रोएशियन बोलणारी. क्रोएशियनमध्ये गावाचं नाव पेत्रोवो सेलो, जर्मनमध्ये प्रोस्ट्रम. शिवेला लागून ऑस्ट्रियातलं एबेराउ, म्हणजे हंगेरियनमधलं मोन्योरोकेरेक. जहागिरीचं ठाणं तिथे होतं आणि शेतसारा, वेठ, तंटे यांच्यासाठी सेंतपेतेरफाच्या माणसाला तिथेच जावं लागे. एबेराउ आणि सेंतपेतेरफा ही दोन देशांतली दोन गावं म्हणून पाहिली की काहीच कळत नाही. ठाणं आणि त्याचं खेडं म्हणून पाहिली की बराच उलगडा होतो.

आता ‘हजार वर्षांचे रहिवासी’. मध्ययुगात हंगेरीच्या राजांनी हा पश्चिमेचा पट्टा मुद्दाम अडथळ्यांचा ठेवला होता: झाडं आडवी पाडलेली, ओढे अडवलेले, मधूनमधून पहारेकऱ्यांच्या वस्त्या. त्या पहारेकऱ्यांचे हंगेरियन बोलणारे वंशज आजही ऑस्ट्रियात ओबरवार्टच्या परिसरात सापडतात. बाराव्या-तेराव्या शतकात पश्चिमेकडून जर्मन बोलणारे शेतकरी आणून बसवले गेले. पंधराव्या शतकात युद्धं आणि रोगराईने पुष्कळ वाड्या ओस पडल्या. मग १५२९ मध्ये तुर्की सुलतान सुलेमानची फौज पश्चिम हंगेरीतून व्हिएन्नाकडे गेली आणि १५३२ मध्ये ती याच प्रदेशातून आली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये निकोला युरिशिचने क्योसेगचा किल्ला जवळजवळ महिनाभर लढवला, ही गोष्ट युरोपच्या इतिहासात नेहमी सांगतात. वाटेतल्या खेड्यांचं काय झालं ते मात्र करवसुलीच्या वह्या सांगतात: अमुक घरं ओसाड, तमुक घरं नवी.

जहागीरदाराच्या दृष्टीने ओसाड घर म्हणजे बुडालेलं उत्पन्न. या भागातल्या बात्यानी, एर्द्योदी, झ्रिन्यी, नादाश्दी या घराण्यांच्या जहागिरी क्रोएशिया-स्लाव्होनियातही होत्या आणि तिथल्या कुळांवर तुर्की धाडी पडतच होत्या. एकीकडे माणसं आहेत पण जमीन धोक्यात, दुसरीकडे जमीन आहे पण माणसं नाहीत. सोळाव्या शतकात हजारो क्रोएशियन कुटुंबं गुरांसकट, कित्येकदा आपल्या पाद्र्यासकट, उत्तरेला आली ती या हिशेबातून. एबेराउची जहागीर त्या शतकात काही काळ झ्रिन्यी घराण्याकडे होती. १५६६ मध्ये सिगेतवारला तुर्कांशी लढताना पडलेला तो मिक्लोश झ्रिन्यी याच घराण्यातला. पुढे ती एर्द्योदींकडे आली. पिंकाकाठची क्रोएशियन गावं या दोन्ही घराण्यांच्या अमलात वसली.

वसवण्याची पद्धत साधी होती. सलग ओसाड गाव मिळालं तर नव्या माणसांना जुन्याच घरजागा आणि जुनेच पट्टे मिळत. पहिली काही वर्षं करमाफी, त्यानंतर शेजाऱ्याइतकाच सारा. जंगल तोडून नवं शेत काढलं तर त्याचा करार वेगळा, आणि जहागीरदार ते शेत खर्च भरून परत घेऊ शके. त्यामुळे शहाणा माणूस जंगलाच्या नादी लागण्याआधी जुनी घरजागा पकडायचा. म्हणूनच इथे बोलणारी जीभ बदलली तरी गावाचा आराखडा बदलला नाही. जर्मन किंवा हंगेरियन कुळासाठी आखलेल्या चौकटीत क्रोएशियन कुळ येऊन बसलं.

या चौकटीचं हंगेरियन नाव तेलेक. लेखात त्याचा उल्लेखही नाही, हीच मोठी उणीव वाटली. तेलेक म्हणजे नुसतं शेत नव्हे. गावातली घरजागा, तीन शिवारांतले पट्टे, नदीकाठचं गवताचं कुरण आणि सामाईक रान-गायरानावरचा हक्क, असा तो एकत्र संच. कुळाचं देणं या संचावर ठरायचं, माणसावर नाही. पूर्ण तेलेक असेल तर पूर्ण देणं, अर्धं असेल तर अर्धं, पाव असेल तर पाव.

हंगेरीची राणी मारिया तेरेसा हिने जानेवारी १७६७ मध्ये हे सगळं एका नमुन्यात बसवलं. गावोगाव नऊ छापील प्रश्न गेले, लोकांना कळेल त्या भाषेत. पाटील आणि पंच यांनी शपथेवर उत्तरं द्यायची, सही येत नसेल तर नावापुढे फुली. पूर्वी काही करारनामा होता का, नसेल तर वहिवाट काय. गावाला फायदे कोणते, तोटे कोणते. पूर्ण तेलेकाला जमीन किती आणि प्रत काय. वेठीचे दिवस किती आणि किती जनावरांनिशी. नववा हिस्सा देता का. ओसाड तेलेकं किती. आणि शेवटचा प्रश्न, तुम्ही गाव सोडून जायला मोकळे आहात की कायमचे बांधलेले. एखाद्या खेड्याचा इतिहास लिहायला बसणाऱ्याने आधी हा कागद शोधावा. त्यातल्या तोट्यांच्या उत्तरात पुराने कुरण बुडतं, सरपण लांबून आणावं लागतं, चढावर बैल थकतात अशी वाक्यं मिळतात; तशी कुठल्याच राजकीय इतिहासात मिळत नाहीत.

मापं नीट समजली तरच पुढचं कळेल. घरजागा, अंगण आणि परसबाग मिळून एक होल्ड, म्हणजे दोन प्रेसबर्गी मापं धान्य पेरता येईल एवढी जागा. एक माप साधारण साडेबासष्ट लिटर. शेताचा होल्ड जमिनीच्या प्रतीनुसार १,१००, १,२०० किंवा १,३०० चौरस क्लाफ्टर. क्लाफ्टर म्हणजे १.८९६ मीटर, तेव्हा हा होल्ड आपल्या हिशेबाने ३९ ते ४६ गुंठ्यांचा. पूर्ण तेलेकाला असे किती होल्ड, हे परगण्यागणिक आणि प्रतीगणिक वेगळं; देशभरात सोळापासून अडतीस-चाळीसपर्यंत, आणि वाशसारख्या पश्चिमेकडच्या परगण्यांत आकडा खालच्या टोकाला. कुरण मात्र क्षेत्रफळाने मोजत नसत. एक माणूस कोयत्याने दिवसभरात जेवढं गवत कापेल तेवढं एक माप. पिंकाच्या काठी हे कुरण म्हणजे शेतकऱ्याचा जीव, कारण बैल हिवाळाभर त्यावरच जगायचे आणि बैल जगले तरच वेठ भरली जायची.

वेठ पूर्ण तेलेकाला वर्षाकाठी जनावरांनिशी ५२ दिवस किंवा नुसत्या हातांनी १०४ दिवस. जाण्यायेण्याचा वेळ दिवसातच धरायचा, असं नियमात स्पष्ट होतं. तो मुद्दा घालावा लागला याचाच अर्थ आधी तो धरला जात नव्हता. घर असलेल्या भूमिहीनाला १८ दिवस, घरही नसलेल्याला १२. धूरपट्टी वर्षाला एक फ्लोरिन. शिवाय कोंबड्या, खच्ची केलेले कोंबडे, अंडी, लोणी. पिकातून दहातला एक भाग चर्चला आणि उरलेल्या नऊतला एक जहागीरदाराला. हे हिस्से मोजून उचलले जाईपर्यंत पेंढ्या शेतातच उभ्या ठेवायच्या. मोजणारा कारकून चार दिवस उशिरा आला आणि मध्येच पाऊस झाला तर दाणा कणसातच मोड धरायचा, आणि नुकसान शेतकऱ्याचं. एक सवलत मात्र गावकरी जिवापाड जपत: २९ सप्टेंबरच्या संत मिखाएलच्या सणापासून नाताळपर्यंत, आणि द्राक्षमळ्यांच्या गावात २४ एप्रिलपर्यंत, गावाने स्वतःची वाइन विकायची. बाकीचे महिने गुत्ता जहागीरदाराचा.

आता चिंध्यांकडे येतो. शिवार तीन भागांत वाटलेलं असे: एकात हिवाळी राय (गव्हासारखंच एक धान्य) किंवा गहू, दुसऱ्यात वसंतातलं जव किंवा ओट, तिसरं पडीक, पुढच्या वर्षी पाळी सरकायची. प्रत्येक तेलेकाचा पट्टा तिन्ही भागांत हवा, नाहीतर एखाद्या वर्षी त्या घराकडे सगळी जमीन पडीक राहील. शिवाय चढावरची, सखल, नदीकाठची अशी जमीन सगळ्यांच्या वाट्याला यायला हवी. म्हणजे पट्टे मुळापासूनच विखुरलेले होते, आणि ते विखुरलेपण अन्यायातून नव्हे तर समान वाटपाच्या हट्टातून आलं होतं.

समजा एक पट्टा ६ क्लाफ्टर रुंद आणि ४०० क्लाफ्टर लांब आहे, म्हणजे सुमारे ११.४ मीटर बाय ७५८ मीटर, ८५ गुंठ्यांच्या घरात. बापाला दोन मुलगे. पट्टा आडवा तोडता येत नाही. वाट एका टोकाला आहे, आतल्या तुकड्याला जायला रस्ताच उरणार नाही, आणि बैलांना वळायला दोन्ही टोकांना जागा सोडावी लागून आणखी जमीन वाया जाईल. म्हणून तो उभा चिरायचा. मुलांकडे ५.७ मीटर रुंदी आली, नातवांकडे २.८५, पणतवंडांकडे १.४. दोन पट्ट्यांच्या मध्ये एक सरी सोडावीच लागते. ती ३५ सेंटिमीटरची धरली तर पणजोबांच्या पट्ट्यात तीन टक्के जमीन सरीत जात होती, पणतवंडांच्या पट्ट्यात पंचवीस टक्के. नांगराने माती मध्याकडे ओढत वरंबा करायची पद्धत असल्याने अरुंद पट्ट्याचा मध्य उंच होत जाई आणि कडेला पाणी साचे. ओल्या वर्षी कडेची राय सडायची, कोरड्या वर्षी वरंब्याचा माथा करपायचा.

अशा शिवारात कुणी एकट्याने वेगळं पीक घेऊ शकत नाही. वाट नसल्यामुळे सगळ्यांनी एकाच वेळी पेरायचं, एकाच वेळी कापायचं, आणि कापणीनंतर गावाचा सामाईक कळप खुंटांवर सोडायचा. ज्याने उशिरा येणारं पीक घेतलं त्याचं पीक त्या कळपाच्या पोटात जाणार. बटाटा आणि क्लोव्हर हा चारा या भागात आले ते पडीक शिवारात, आणि तेही गावाने ‘या वर्षी कळप इथे नको’ असं ठरवल्यावरच. एकानेही हट्ट धरला की सगळं फसायचं. कुळांच्या खेड्यात शेतीसुधारणा का रेंगाळली याचं कारण शोधायला अज्ञान किंवा आळस लागत नाही. शिवाराचा नकाशा पुरतो.

१८४० च्या आठव्या कायद्याने कुळांच्या वारसांत मुलगे आणि मुली समान धरले. न्याय्य गोष्ट, पण पट्टा आणखी चिरला जाऊ लागला. लाफ्निट्झ नदीच्या पलीकडे, जुन्या सीमेपलीकडच्या श्टायरमार्क या ऑस्ट्रियन प्रांतात, शेत एकाच वारसाकडे जायचं आणि बाकीच्या भावंडांना रोख रक्कम किंवा चाकरी. म्हणून तिथे सुटी, मोठी, चौकोनी शेतघरं दिसतात आणि नदीच्या अलीकडे दाटीची गावं. ही रेघ १९२१ च्या सीमेपेक्षा कितीतरी जुनी आहे, आजच्या देशांच्या सीमेशी तिचा संबंध नाही, आणि तरी उपग्रह नकाशात ती अजून ओळखू येते.

घरांचीही तीच गत. घरजागा रस्त्याकडे अरुंद, मागे लांब. रस्त्यावर आडवी भिंत, मग स्वयंपाकघर, मागची खोली, कोठी, गोठा, सगळं एका रांगेत. दुसरा भाऊ वेगळा झाला की त्याचं स्वयंपाकघर त्याच रांगेत मागे जोडलं जायचं, दार त्याच अंगणात. एका अंगणात दोन-तीन चुली म्हणजे एकत्र कुटुंब, असा तर्क लेखकाने काढला आहे. बहुतेक वेळा तो विभक्त झालेल्यांचा पुरावा असतो. धान्याचं कोठार अगदी मागे, आडवं, घरापासून अंतर सोडून. गवताचं छप्पर आणि धुराड्याविना चुली असलेल्या गावात एका ठिणगीने अख्खी ओळ जायची. निदान कोठार आणि घर एकाच वेळी जळू नयेत, एवढाच त्यामागचा विचार.

१८४८ च्या एप्रिलमध्ये वेठ आणि नववा हिस्सा रद्द झाले आणि मार्च १८५३ च्या फर्मानाने तपशील ठरले. तेलेकाची जमीन कुळाच्या नावावर आली. द्राक्षमळे मात्र तेलेकात धरलेले नव्हते, त्यामुळे वाशहेद्य टेकडीवरच्या मळेवाल्यांना १८६८ पर्यंत थांबावं लागलं. रान आणि गायरान जहागीरदार व गाव यांच्यात वाटलं गेलं, आणि गावाचा वाटा पुन्हा तेलेकाच्या प्रमाणातच विभागला. ज्याच्याकडे आठवा हिस्सा त्याला गायरानातही तेवढाच; जो भूमिहीन त्याच्या हाती जवळजवळ काही नाही. कालपर्यंत सामाईक गायरानात त्याची एक गाय चरत होती, तीही गेली. १८८० नंतर या खोऱ्यातून माणसं अमेरिकेला का जाऊ लागली, याची सुरुवात इथे आहे. बुर्गेनलांड या सीमेलगतच्या ऑस्ट्रियन प्रांताच्या कित्येक गावांत रानाच्या मालकीच्या अशा सामाईक संस्था आजही आहेत, आणि त्यांच्या नोंदवहीत सभासदाचा हिस्सा अपूर्णांकातच लिहिलेला असतो.

सार्वमताचा मुद्दा थोडक्यात. सप्टेंबर १९१९ च्या सँ-जर्मेन आणि जून १९२० च्या त्रियानों तहांनी पश्चिम हंगेरीचा पट्टा ऑस्ट्रियाला दिला. ऑगस्ट १९२१ मध्ये ऑस्ट्रियन पोलीस आत शिरले तेव्हा हंगेरियन स्वयंसेवकांनी हत्यार उचललं. ऑक्टोबरात व्हेनिसमध्ये तडजोड झाली आणि १४ ते १६ डिसेंबर १९२१ ला सार्वमत झालं, पण ते फक्त शोप्रोन शहर आणि भोवतालच्या आठ गावांत. एकूण मतांपैकी ६५ टक्के हंगेरीला. आठ गावांपैकी आगफाल्वासह पाच गावांचा कौल ऑस्ट्रियाला होता. नाद्यत्सेंक, फेर्त्योबोझ आणि क्रोएशियन कोपहाझा यांचा हंगेरीला. मोजणी एकत्र धरायची असं आधीच ठरलं होतं, त्यामुळे नऊही हंगेरीत राहिली. सेंतपेतेरफा शोप्रोनपासून पासष्ट किलोमीटर दक्षिणेला. तिथे मतपेटी गेलीच नाही.

तिथे गेला तो सीमा-आयोग. ब्रिटिश, फ्रेंच, इटालियन आणि जपानी अधिकारी, सोबत दोन्ही देशांचे प्रतिनिधी. तहाच्या नकाशावरची जाड रेघ जमिनीवर उतरवताना कुठलं शेत कुणाकडे, गिरणीची वाट कुठून, लोक बाजाराला कुठे जातात, हे पाहायचं त्यांचं काम. भाषेच्या तत्त्वाने पाहिलं तर क्रोएशियन गावाला दोन्हीकडे सारखंच परकं. तेव्हा वजन पडलं ते सोम्बातहेयच्या बाजाराचं, रेल्वेचं आणि परगण्याच्या कचेऱ्यांचं. १९२२ मध्ये राष्ट्रसंघाच्या कौन्सिलपर्यंत प्रकरण गेलं, आणि १९२१ च्या अखेरीस ऑस्ट्रियाकडे गेलेली दहा गावं १९२३ मध्ये हंगेरीला परत मिळाली: सेंतपेतेरफा, पोर्नोआपाती, होर्वातल्योव्यो, ओल्मोद, कीशनार्दा, नाद्यनार्दा, आल्शोचातार, फेल्शोचातार, मद्यारकेरेस्तेश आणि नेमेतकेरेस्तेश. आज यांतली काही जोडगावं एक झाल्यामुळे नकाशात नावं कमी दिसतात, आणि त्यावरून आकडा चुकतो. उलट बाजूला राटर्सडोर्फ-लीबिंग आणि लुईझिंग ऑस्ट्रियाकडे गेली.

ही रेघ ज्या शिवारांवरून गेली तिथे पट्टे आधीच विखुरलेले होते, म्हणून एका घराचे दोन तुकडे इकडे, तीन तिकडे अशी स्थिती झाली. सलग शेतं असती तर सीमा शेताच्या कडेने नेता आली असती. इथे कडच नव्हती. दोन्हीकडे जमीन असलेल्यांना परवाने मिळाले. बैलगाडी, बियाणं, खत घेऊन जायचं, पीक घेऊन परतायचं, ठरलेल्या नाक्यावरून. पट्टा नाक्यापासून लांब असला की वळसा घालण्यातच सकाळ जायची. वाशहेद्यची टेकडी तर माथ्यापासूनच वाटली गेली: एका उताराची द्राक्षं ऑस्ट्रियन, दुसऱ्याची हंगेरियन, माती एकच.

१९४५ नंतरच्या काळावर आपल्या लेखकाने चांगलं लिहिलं आहे, तेव्हा तिथे थोडीच भर. हंगेरीतून जर्मन भाषकांना १९४६ मध्ये हाकललं गेलं, आगफाल्वासारखी गावं जवळजवळ रिकामी झाली आणि तिथे पुन्हा नवी माणसं बसवली गेली. क्रोएशियन असल्यामुळे सेंतपेतेरफा त्यातून सुटलं. १९४९ पासून तारा आणि सुरुंग आले. १९५० पासून सीमेलगतचा पंधरा किलोमीटरचा पट्टा परवान्याचा झाला. त्याच्या आत पाचशे मीटरचा अधिक कडक पट्टा, आणि अगदी रेघेला पन्नास मीटरचा, जिथे पहारेकऱ्याशिवाय पाऊलही टाकता येत नसे. त्याच वर्षीच्या जूनमध्ये सीमापट्ट्यातली ‘अविश्वासू’ ठरवलेली कुटुंबं रातोरात पूर्व हंगेरीतल्या होर्तोबाद्यच्या छावण्यांत नेली गेली. सुरुंग १९५६ मध्ये काढले, १९५७ मध्ये पुन्हा पेरले, आणि साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्यांच्या जागी चोवीस व्होल्टची इशारा-तार बसवली. ती माणूस मारत नसे, फक्त चौकीत घंटा वाजवी. आणि हरणं-ससे ती रात्रभर वाजवत. १९८९ पर्यंत तार गंजली होती, ती बदलायचा खर्च सरकारला नको होता. फेल्शोचातारच्या द्राक्षमळ्यांत या अडथळ्यांचे सगळे प्रकार एका खाजगी संग्रहालयात उभे करून ठेवले आहेत. लेखातल्या छायाचित्रातली तार बहुधा तिथलीच. ती आजची सीमा नाही. २१ डिसेंबर २००७ ला इथली नेहमीची सीमा-तपासणी उठली.

पट्टे मात्र दोन वेगळ्या वाटांनी संपले. ऑस्ट्रियाच्या बाजूला युद्धानंतर गावागावात जमिनींची अदलाबदल करून एकत्रीकरण झालं, मालक तेच राहिले. हंगेरीत सामूहिक शेतीने १९६१ पर्यंत बांध पुसले, मालकी कागदावर उरली. १९९० नंतर ती परत देताना जुनाच प्रश्न उभा राहिला: कुणाला किती, कुठे आणि वाट कुठून? हंगेरीतल्या असंख्य गटांवर आज अनेक वारसांची नावं अपूर्णांकांत चढलेली आहेत.

ज्यांना स्वतः पडताळून पाहायचं आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. हंगेरीचे जुने नकाशे इंटरनेटवर फुकट पाहता येतात: १७८० च्या दशकातली पहिली लष्करी मोजणी आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातले १:२८८० प्रमाणाचे शेतवारी नकाशे. दुसऱ्यात एकेक पट्टा मोजता येतो, आणि आजच्या उपग्रह चित्रावर ठेवला की सीमेच्या दोन्ही बाजूंना काय झालं ते दिसतं. माणसांचा माग काढायचा असेल तर १ ऑक्टोबर १८९५ पासून सरकारी जन्ममृत्यू नोंदी आहेत. त्याआधी चर्चच्या वह्या, आणि १८२८ पासून त्यांची दुसरी प्रत परगण्याच्या दप्तरात. अडचण एकच येते. क्रोएशियन आडनावाचं शेवटचं ‘इच’ कारकुनाच्या भाषेप्रमाणे चार तऱ्हांनी लिहिलं जायचं, एकाच कुटुंबात भावाभावांचं स्पेलिंग वेगळं. अक्षरांवर नाही तर उच्चारावर शोध घ्यावा, नाहीतर अर्धं घराणं निसटतं आणि शोधणारा म्हणतो की ही माणसं १८५० नंतर इथे आली.

पुरवणीतला नकाशा पुढे कधी छापला तर त्यात सेंतपेतेरफा ऑस्ट्रियात दाखवलं आहे ते हंगेरीत घ्यावं, लुईझिंग त्याच्या उलट, आणि सार्वमताची छटा शोप्रोन व त्या आठ गावांपुरतीच ठेवावी.

आपला,
एक वाचक, पुणे